दोन बोटं माया
भरल्या छातीच्या बाईचा कपडा : एक शोध

परभणीहून जिंतूरकडे जाताना झरी लागतं. तिथे आमच्या घरामागच्या गल्लीत एक शिलाई मशीन चालतं. चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणते. दिवाळीच्या आधीच्या पंधरा दिवसांत त्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसते. ब्लाउजपीसच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीत मापाला दिलेलं जुनं झंपर, वर चिठ्ठी टाचलेली. गेल्या दिवाळीत फॉल लावायला दिलेली साडी आणायला मी गेले, तेव्हा बारावीतली एक मुलगी आईबरोबर आलेली होती. तिच्या हातात परभणीहून आणलेला तयार कुर्ता होता. तिनं तो घालून दाखवला. छातीवर आडव्या वळ्या पडल्या होत्या, बटणपट्टी दोन बटणांच्या मध्ये उघडी पडत होती, आणि खांद्याची शिवण मात्र दंडावर उतरली होती. म्हणजे एकच कुर्ता एका जागी तंग आणि दुसऱ्या जागी ढगळ.

आई वैतागून म्हणाली, "हिच्या अंगाला काहीच बसत न्हाई. दोन दुकानं फिरले. हिचं अंगच तसलं."

मावशींनी गळ्यातला टेप काढला. "अंगाला कशाला बोल लावता वहिनी? कापणाऱ्यानं हे अंग पाह्यलंच न्हाई, त्याला काय करणार लेकरू?"

पोर मान खाली घालून उभी होती. खांदे पुढे, पाठीला किंचित पोक. ही उभं राहण्याची तऱ्हा मला ओळखीची आहे. माझ्या आत्याची तशीच होती, माझीही कॉलेजात तशीच होती. त्या दिवसापासून मावशींचं वाक्य डोक्यातून जाईना. कापणाऱ्यानं हे अंग का पाहिलं नाही? कधी पाहिलं होतं का? आणि खिशाला परवडेल, अंगाला शोभेल असा कपडा अशा मुलीला मिळवायचा तर कसा? या तीन प्रश्नांमागे जाताना जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

चोळखण ते झंपर

आपल्या भागात स्त्रीच्या छातीला बेतून शिवलेला कपडा नवा नाही. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचा प्रसंग रंगवला आहे. त्यातल्या नर्तकीच्या अंगात शिवलेली, लांब बाह्यांची चोळी आहे. ही चित्रं साधारण पाचव्या शतकातली मानली जातात. त्याच लेण्यांत इतर कितीतरी स्त्रिया उघड्या उराच्या आहेत, म्हणजे शिवलेला आणि न शिवलेला असे दोन्ही पेहराव शेजारी शेजारी नांदत होते. भारतीय वेशभूषेचा प्रदेशवार मागोवा घेणारा समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचा 'इंडियन कॉस्च्युम' हा ग्रंथ १९५१ साली मुंबईत निघाला. तो चाळताना लक्षात येतं की चोळीचा इतिहास सरळ रेषेत जात नाही. प्रांत, जात, ऐपत आणि वय यांप्रमाणे तिचे आकार बदलत गेले.

महाराष्ट्रात चोळीचं कापड म्हणजे खण. हा खण आजही विणला जातो तो कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्डला. अरुंद पन्हा, दोन्ही बाजूंना काठ. खणाची जुनी चोळी एकसंध नसे. छातीचे तुकडे वेगळे, पाठ वेगळी, काखेत तिरका तुकडा, बाह्या वेगळ्या, आणि समोर छातीच्या खाली गाठ. ही गाठ फार शहाणी होती. बाई वाळली, भरली, गरोदर राहिली, अंगावर पाजू लागली, तरी चोळी तीच राही. गाठ थोडी आवळायची नाहीतर सैल सोडायची. छातीचं वजन खालून पेलण्याचं काम त्या गाठीकडे असे.

भाषेनं या कपड्याचं महत्त्व जपून ठेवलं आहे. लेकीला साडीचोळी करतात. खणानारळानं ओटी भरतात. घरातल्या बाईच्या खर्चासाठी तोडून दिलेल्या उत्पन्नाला चोळी-बांगडी म्हणत. चोळीपुरत्या कापडाला चोळखण हा स्वतंत्र शब्द आहे. आणि नेमका इथेच भरल्या छातीच्या बाईचा पहिला अडसर आहे. ओटीतला ब्लाउजपीस सगळ्यांना सारखाच. आज साडीला जोडून येणारा तुकडाही बहुतेक ८० सेंटिमीटरचा असतो. बत्तीस-चौतीस छातीला तो पुरून उरतो. बेचाळीस छातीला कोपरापर्यंत बाही हवी असेल, अंगाचा कट वेगळा हवा असेल, तर मीटरभर कापड लागतं. मग शिवणारी म्हणते, "कापड पुरत न्हाई, बाही आखूड करू का?" आणि दंड झाकायला धडपडणाऱ्या बाईला आखूड बाहीचं झंपर मिळतं. आमच्या आत्याकडे ओटीत आलेले खण पेटीभर होते. त्यातला एकही तिच्या अंगाला लागला नाही. ती ते दुसऱ्यांच्या ओटीत घालत राहिली.

झंपर हा शब्दही सांगण्याजोगा. इंग्रजी 'जंपर' मराठीत आला आणि खेड्यात रुळला. साडीखाली परकर आणि अंगात ब्लाउज ही आजची तऱ्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडत गेली. ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर १८६४ च्या सुमारास पतीबरोबर मुंबईस आल्या, पारशी स्त्रियांची राहणी त्यांनी पाहिली आणि बंगालात ही नवी तऱ्हा नेली, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. चोळीची गाठ जाऊन ब्लाउजला हूक आले. हूक आले तसं माप ठरून गेलं. गाठीत जी सवलत होती, ती संपली. आता माप बरोबर घेणं भाग होतं.

मापाचं झंपर

पण माप घ्यायचं कुणी?

आमच्या भागाला शिंप्यांचा मोठा वारसा आहे. नामदेव महाराज शिंपी. त्यांचं नरसी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं. जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या. शिंप्याच्या घरातच त्यांचं आयुष्य गेलं. कात्री, सुई, दोरा, गज या वस्तू आपल्या संतवाणीत उगाच आलेल्या नाहीत.

तरीही गावातला शिंपी पुरुष. परपुरुषानं बाईच्या छातीभोवती टेप धरायचा, ही कल्पनाच दोघांना अवघडवणारी. त्यावर गावानं तोड काढली ती म्हणजे मापाचं झंपर. जुनं झंपर घरातल्या पोराच्या हाती शिंप्याकडे पाठवायचं, त्यानं ते कापडावर पसरून खडूनं रेषा मारायच्या. लाज राखली गेली, काम झालं. पण या पद्धतीत एक खोड आहे. पहिलं झंपर चुकलेलं असेल तर ती चूक पुढच्या प्रत्येक झंपरात उतरते. बाईचं लग्न झालं तेव्हाचं माप दोन बाळंतपणांनंतरही चालू राहतं, फक्त "बाजूनं जरा सैल ठेवा" एवढा निरोप जातो. बाजूनं सैल ठेवलं की काख आणि पाठ सैल होते. छाती जिथे ताणते तिथे कापड वाढतच नाही.

मावशींच्या ओसरीवरच्या पिशव्यांत आजही तेच आहे. शिवणारी बाई आहे, टेप गळ्यात आहे, तरी माप द्यायला अंग पुढे येत नाही. मावशी म्हणतात, "दाराआड घेऊन जाते, तरी हात छातीवर धरूनच उभ्या ऱ्हातात. मग माप कुठलं घेऊ, हाताचं का छातीचं?"

याच परिसरात औंढ्याच्या नागनाथ मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी कोरल्या आहेत, भरल्या उराच्या, ताठ मानेच्या. आपण त्यांचे फोटो काढतो, शिल्पकाराचं कौतुक करतो. तेच अंग जित्या पोरीला मिळालं की घरातलं पहिलं वाक्य असतं, "ओढणी नीट घे."

द्रोणाचं गणित

कापड सपाट असतं आणि अंग गोल. शिवणकलेतला सगळा खटाटोप या एका विरोधातून आलेला आहे. पळसाच्या पानाचा द्रोण लावताना आपण काय करतो? सपाट पान घेतो, कडेला चुण्या घालतो, काडी टोचतो. पान लगेच खोल होतं. चुणी जितकी मोठी, द्रोण तितका खोल. ब्लाउजचा टक म्हणजे अशीच चुणी. चुणी न घालता पान वाटीवर दाबलं तर ते फाटेल किंवा कडेला उचललं जाईल. टक नसलेला कुर्ता भरल्या छातीवर हेच करतो. मधे ताणतो, आणि घेर पुढून वर उचलला जातो.

आता त्या मुलीचा कुर्ता पाहू. मावशींनी तिची मापं घेतली ती अशी : काखेतून, छातीच्या वरून ३६ इंच. छातीच्या सगळ्यात भरल्या जागी ४१. छातीच्या लगेच खाली ३३. खांदा १४.

बहुतेक शिवणवर्गांत शिकवली जाणारी रीत अशी, की भरल्या छातीचं एक माप घ्यायचं आणि बाकीची मापं त्याच्या भागांत काढायची. झारापकरांच्या कटिंगच्या पुस्तकावर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना भागाकाराचं हे शिवण परिचयाचं आहे. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग धरली, मुंढ्याची खोली सहावा भाग धरली, तर काय होतं? ४१ चा बारावा भाग सुमारे ३.४ इंच, ३६ चा ३. गळा दोन्ही बाजू मिळून पाऊण इंचानं जास्त रुंद होतो आणि खांद्यावरून घसरतो. ४१ चा सहावा भाग ६.८, ३६ चा ६. मुंढाही पाऊण इंच जास्त खोल होतो, हात वर केला की आख्खा कुर्ता वर जातो. या मुलीचा गळा, खांदा आणि काख ३६ छातीच्या बाईचीच आहेत. तिच्या हाडांचा सांगाडा छत्तीसचा आहे, वाढलेले पाच इंच फक्त पुढे आहेत.

दुसरी चूक चौथाईची. ४१ चे चार भाग केले की प्रत्येकी सव्वादहा. दोन पाठीला, दोन पुढे. प्रत्यक्षात तिची पाठ १८ इंच आणि पुढची बाजू २३ इंच भरते. म्हणजे पुढच्या प्रत्येक भागाला सव्वा इंच कमी पडतो आणि पाठीच्या प्रत्येक भागात सव्वा इंच फुगतो. म्हणूनच एकच कुर्ता पुढून फाटायला आलेला आणि पाठीवर झोळीसारखा.

उपाय या गणितातच आहे. गळा, खांदा, मुंढा आणि पाठ वरच्या छातीवरून, म्हणजे ३६ वरून कापायची. लागणारे पाच इंच पुढच्या दोन भागांत अडीच-अडीच वाढवायचे. वाढवायची रीतही सोपी आहे. पुढच्या भागाचा आकार वर्तमानपत्रावर कापून घ्यायचा. खांद्याच्या मध्यापासून छातीच्या टोकापर्यंत, तिथून खाली कंबरेपर्यंत, आणि काखेखालच्या शिवणीपासून पुन्हा त्याच टोकापर्यंत कापायचं. मग कागद उघडायचा. जी फट पडते ते हवं असलेलं जास्तीचं कापड. खालची आणि बाजूची फट शिवताना टकात घालायची. कागद उघडताना पुढची उंचीही आपोआप वाढते, आणि घेर पुढून उचलला जायचा थांबतो. एवढं मात्र ध्यानात ठेवायचं की टकाचं टोक छातीच्या टोकावर आणून संपवू नये. भरल्या छातीला ते एक-दीड इंच अलीकडे थांबवावं, नाहीतर तिथे कापडाला टोचरा कोन येतो.

ब्लाउजमध्ये हेच काम चार टकांचा कट करतो. छाती जास्त भरलेली असेल तर कटोरी बरी, कारण तिच्यात गोलाई टकावर न सोडता वेगळे तुकडे जोडूनच घडवलेली असते. प्रिन्सेस कटमध्ये मुंढ्यातून किंवा खांद्यातून निघालेली उभी शिवण छातीवरून कंबरेला जाते. कुर्त्याला हा कट सर्वांत सोयीचा. थोडं मागे वळून पाहिलं तर खणाच्या चोळीचे तुकडे हेच करत होते. कापणाऱ्यानं हे अंग कधी पाहिलं होतं का, या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. पाहिलं होतं. तयार कपड्याच्या घाईत ते विसरलं गेलं.

दुकानातली मापं कुठून आली

अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्यानं सुमारे पंधरा हजार स्त्रियांची मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. तयार कपड्यांसाठी स्त्रीदेहाचं इतकं मोठं मोजमाप तोवर झालं नव्हतं. पण निष्कर्षांत धरल्या गेल्या त्या फक्त गोऱ्या स्त्रिया. पुढे १९५८ मध्ये याच आकड्यांच्या आधारावर तिथे मापांचं प्रमाण ठरलं. घरगुती शिवणाचे कागदी नमुने विकणाऱ्या तिथल्या मोठ्या कंपन्या वरची छाती आणि भरली छाती यांत साधारण दोन इंचांचा फरक गृहीत धरतात. झरीच्या त्या मुलीत हा फरक पाच इंचांचा आहे.

आपल्याकडे तयार कपड्यांचं स्वतःचं देशव्यापी मोजमाप फार उशिरा सुरू झालं. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयानं निफ्ट या संस्थेकडे ते काम दिलं. देशाच्या सहा विभागांत १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची त्रिमितीय यंत्रानं मापं घ्यायची, अशी ती योजना. तोवर कारखाने परदेशी तक्त्यांत थोडे फेरफार करून काम भागवत आले. दुकानात एल म्हणजे चाळीस, एक्सएल म्हणजे बेचाळीस छाती असं साधारण चालतं, तरी एका कंपनीचा एल दुसरीच्या एमएवढा निघतो.

आणि तक्ता कुठलाही असो, एका मापावरून पुढच्या मापावर जाताना सगळंच वाढतं : छाती, खांदा, मुंढा, बाही, कंबर, उंची. कारखान्याच्या लेखी मोठी छाती म्हणजे सगळीकडून मोठी बाई. खांद्यानं बारीक आणि छातीनं भरलेली बाई त्या तक्त्यात कुठेच नाही. ब्रेसियरला अ, ब, क, ड अशा कपांची वेगळी मोजणी १९३० च्या दशकापासून अमेरिकेत सुरू झाली, म्हणजे घेर आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आतल्या कपड्यांच्या धंद्याला नव्वद वर्षांपासून ठाऊक आहे. वरच्या कपड्यांच्या धंद्यानं ते मनावर घेतलेलं नाही. कप वाढवले की प्रत्येक मापाचे तीन-चार प्रकार साठवावे लागतात, माल पडून राहतो, हे त्याचं साधं कारण.

घ्यावं कसं, शिवावं कसं

तर मग स्वस्तात काय करता येईल? मावशींशी बोलून आणि स्वतःच्या अंगावर करून पाहून जे पटलं ते सांगते.

तयार कुर्ता घ्यायचा असेल तर तो नेहमी भरल्या छातीच्या मापानं घ्यावा, त्याहून दोन-तीन इंच सैल. खांदा आणि कंबर मागाहून दाबता येते, छाती वाढवता येत नाही. दुकानातच आतल्या बाजूनं उलटा करून शिवण पाहावी. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. तयार कपड्यात ती जेमतेम अर्धा बोट असते, कारण कारखान्यात हजारो कपड्यांमागे वाचलेला अर्धा इंच म्हणजे पैसा. ज्यात माया जास्त, तो घ्यावा. मग खांदा आत घेणं, बाजू कंबरेपाशी दाबणं आणि काखेखाली एक टक घालणं, एवढ्या तीन गोष्टी गावातल्या मशीनवर पाच-पन्नास रुपयांत होतात. ढगळ एक्सएलचा अंगासरसा कुर्ता होतो. छातीवर टक घालायला जागा नसलेला, पुढून सलग मोठी नक्षी असलेला कुर्ता टाळावा. नक्षी टकात तुटते.

गळा व्हीचा किंवा थोडा खोल गोल असला की मान मोकळी दिसते. बंद गळा किंवा रुंद बोट-नेक छातीचा पसारा वाढवून दाखवतो. योकची आडवी शिवण छातीच्या मधोमध आली की बाई अवघडलेली दिसते, ती छातीच्या पूर्ण खाली यावी. छातीवर चुण्या, झालर, खिसा नको. पुढून बटणपट्टी हवीच असेल तर दोन बटणांच्या मध्ये आतून एक टिच बटण लावावं. उघडण्याची धास्ती संपते. कापड अंगावरून पडणारं हवं. रेयॉन स्वस्त आणि चांगलं पडतं, पण परभणीच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा बेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा छातीच्या खालच्या घडीत घाम साचतो, घामोळं उठतं, कातडी सोलवटते. तिथे सुतीच बरं, निदान अस्तर तरी सुती असावं.

शिवून घ्यायचं तर हिशेब असा. ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर सुती कापड, मी घेतलं तेव्हा एकशे वीस रुपये मीटर, म्हणजे तीनशे. शिलाई अडीचशे. साडेपाचशेत अंगाचा कुर्ता. पन्हा ३६ असेल तर कापड जास्त लागतं, ते आधी विचारावं. माप देताना तीन मापं मागून द्यावीत : वरची छाती, भरली छाती, छातीखालचा घेर. चौथं, खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतची उंची. आणि माप देताना जी ब्रेसियर रोज घालतो तीच अंगात असावी, कारण तिच्याप्रमाणे छातीची उंची बदलते. मापाचं झंपर द्यायचंच असेल तर त्यात कुठे तंग, कुठे सैल हे खडूनं खूण करून द्यावं.

शेवटचं, आणि मावशींच्या मते पहिलं : "दोन बोटं माया ठेव, असं सांगायचं." दोन बोटं म्हणजे साधारण दीड इंच. बाईचं अंग वर्षानुवर्षं तेच राहत नाही. माया असली की कपडा तिच्याबरोबर वाढतो. जुन्या चोळीच्या गाठीत जी सवलत होती, ती हुकाच्या कपड्यात या मायेतून परत मिळते.

अंगावरची ओझी

हे सगळं दिसण्यापुरतं असतं तर इतकं लिहिलं नसतं. भरल्या छातीचं वजन मानेला आणि पाठीला ओढतं. अरुंद पट्ट्यांची, चुकीच्या मापाची ब्रेसियर खांद्यावर खोल वळ पाडते. कपडा ताणतो म्हणून मुलगी खांदे पुढे घेते, आणि मग त्या पोकानं पाठ दुखते. दुखणं अंगाचं वाटतं. निम्मं कपड्याचं असतं.

आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. उन्हापासून आणि काटक्यांपासून जपणूक होते, हे खरं. पण विचारलं तर त्या हसून दुसरंही कारण सांगतात : वाकून वेचताना पदर सरकतो, शर्टानं निर्धास्त वाटतं. घरात गाऊन आला, त्यावर टॉवेल किंवा ओढणी आली. बाईनं स्वतःच अंगावर एकेक थर चढवला, कारण पहिला थर तिच्या अंगाचा नव्हता.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. महिला उमेदवारांना ८०० मीटर आणि १०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. भरल्या छातीच्या मुलीला आधार नसताना पळणं दुखरं असतं आणि लाजवणारंही. ओढणी छातीवरून घट्ट आवळून गाठ मारून पळणारी मुलगी मी पाहिली आहे. दोन महिन्यांनी ती दिसेनाशी झाली. कारण मी विचारलं नाही, त्यामुळे तर्क करत नाही. पण तिच्या मापाची, घट्ट बसणारी एक आतली बंडी तिला मिळाली असती, तर पळण्यातली एक अडचण तरी कमी झाली असती.

हे शिकवता येण्यासारखं आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात वस्त्र आणि परिधान हा अभ्यासाचा विषय आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत शिंपीकामही आहे. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. गावोगावच्या शिवणवर्गांत पेटीकोट आणि बाळाची कुंची शिकवतात, तशी एका दिवसाची शिकवणी वरच्या छातीच्या मापाची ठेवली, वर्तमानपत्राचा कागद उघडून दाखवला, तर खर्च काहीच नाही. मशीन गावात आहे, टेप गावात आहे, शिवणारी आता बाईच आहे. कमी आहे ती फक्त त्या एका मापाची.

त्या दिवशी मावशींनी कुर्त्याची खांद्याची शिवण उसवली. आतून जेमतेम बोटभर कापड निघालं. त्यांनी खांदे आत घेतले, पाठीत दोन उभे टक मारले, आणि छातीला कापड कमी म्हणून काखेखाली दोन्ही बाजूंना ओढणीच्या टोकाचा तिरका तुकडा जोडला, जुन्या चोळीत असायचा तसा. कुर्ता निळा होता, तुकडा गर्द निळा. मुद्दाम केल्यासारखा दिसत होता. मुलीनं घातला, हात वर केले, खाली केले, पुन्हा वर केले. आरशात पाहिलं नाही, कारण ओसरीवर आरसा नव्हता. आईनंच पाहिलं.

"बसला की गं," ती म्हणाली.

मावशी दोरा तोडत म्हणाल्या, "पुढच्या बारीला कापड आणा. तयार नको. अन् तिला घेऊन या, झंपर नका पाठवू."

मी साडी घेऊन निघाले, तेव्हा मुलगी ओट्याच्या पायऱ्या उतरत होती. ओढणी तिनं घडी करून पिशवीत टाकली होती; एका टोकाला ती आता कापलेली होती.